काळ्या आईचे देणे

श्रोते हो, ज्या ज्वारीची भाकर शिदोरीस बांधून आपण वारीस निघतो, तिचे देणे फेडले का? आपल्या जालन्याच्या कोरडवाहू रानात कणीस घरी येते, कडबा बैलापुढे जातो आणि शेण गोवऱ्या होऊन चुलीत जळते. पिकाबरोबर गेलेले नत्र परत येतच नाही. मग पीक पिवळे पडले की आपण म्हणतो, रान उतरले!

हवेच्या 100 भागांत 78 भाग नत्रच आहे. पण ज्वारी त्यात उभी राहून उपाशी. तूर, मूग, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींत जे सूक्ष्म जीव राहतात, ते हे नत्र बांधून देतात. हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन पंडितांनी 1886 साली हे दाखविले. आपले म्हातारे ज्वारीत तुरीचे तास टाकीत, ते काय उगाच?

पण गोम पुढेच आहे. पुष्कळसे नत्र मुगाच्या दाण्याबरोबरच रानाबाहेर जाते. उरलेले झाडही मुळासकट उपटून बांधावर पेटविले, तर भूमीच्या हाती काय आले? ही परतफेड नव्हे, बाबांनो, ही लबाडी! शेंगा तोडाव्या, झाडे त्याच रानात गाडावी, वर रब्बीची ज्वारी पेरावी. तुरीचा गळलेला पाला झाडून नेऊ नये.

फुलोऱ्यात एखादे झाड हलक्या हाताने खणून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली, तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर पुढल्या पेरणीस 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम गुळाच्या गार पाण्यातून चोळा, आणि बी सावलीतच सुकवा.