उजवा हात
(लूक ६:६–१०)



वाळलेल्या हाताच्या मनुष्याची कथा तिघा शुभवर्तमानकारांनी लिहिली आहे. परंतु तो हात उजवा होता, हे एकट्या लूक वैद्याने नमूद केले. मजुराचा उजवा हात गेला म्हणजे त्याच्या घरची चूल विझली.

परूशी लोक शब्बाथाची सबब धरून पाहत बसले. आपल्या मंडळीत मळणीयंत्रात कोणाचा हात मोडला, तर आपण पैशाची सबब सांगतो व प्रार्थना करून घरी जातो. प्रार्थना अवश्य करावी; परंतु वेळेवर न बसविलेले हाड वाकडे जुळते, आणि सावकाराचे व्याज मात्र सरळ वाढत जाते.

शोमरोन्याने जखमी मनुष्यास उतारशाळेत नेले आणि पुढील खर्चही आपल्या शिरावर घेतला. उपदेशकहो, तुम्हीही रोग्याबरोबर जा. महाराष्ट्रातील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ अअ कलमाप्रमाणे, शेकडा १० खाटा निर्धनांकरिता विनामूल्य व शेकडा १० दुर्बळांकरिता सवलतीने राखावयाच्या असतात. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक गरीब दारातूनच परततात. शिधापत्रिका व तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर घ्या. तेथील समाजसेवकास भेटा. गाडीभाडे व घरच्यांचे धान्य मंडळीने मूठमूठ जमवावे.

प्रभूने त्या मनुष्यास हात लांब करावयास सांगितले. ज्यांचे हात धड आहेत, त्यांसही आज तीच आज्ञा आहे. आमेन.