‘बेसिक’ची दोन कुळे

आमच्या शेजारचा सातवीतला मुलगा परवा दाराशी थबकला. हातात गणिताची कोरी वही होती. “बॅच बदलली का रे?” असे विचारल्यावर मान खाली घालून म्हणाला, “काका, मी आता बेसिकमध्ये आहे.” मागे पडलेल्या मुलांच्या तुकडीला क्लासने दिलेले हे नाव. त्याच्या आवाजातली लाज दोन दिवस माझ्या मनातून गेली नाही. ज्या वर्ध्याने हा शब्द देशाच्या शिक्षणात मानाने आणून बसवला, तिथेच एक मूल त्या शब्दापायी खाली पाहत होते.

इंग्रजीत ‘बेस’ नावाचे दोन शब्द आहेत. स्पेलिंग एक, कुळे वेगळी. एक आला ग्रीक ‘बासिस’वरून. त्याचा अर्थ पाऊल टाकणे, मग पाऊल टेकते ती जागा, मग बैठक. संस्कृतातला ‘गति’ हा त्याचा सख्खा भाऊ. दुसरा आला उत्तरकालीन लॅटिन ‘बास्सुस’वरून, म्हणजे ठेंगणा, खालचा. हलका, नीच हा अर्थ त्याचा. ‘बेसिक’ पहिल्या कुळातला आहे, पण आपण त्याला दुसऱ्या कुळाची वागणूक देतो. 1930 मध्ये ऑग्डेन यांनी 850 शब्दांचे ‘बेसिक इंग्लिश’ मांडले, 1964 मध्ये नवशिक्यांसाठी याच नावाची संगणकभाषा आली, आणि मोजके, सुरुवातीपुरते हा अर्थ घट्ट होत गेला. पगारपत्रकात मात्र शब्द अजून शाबूत आहे. महागाई भत्ता बेसिकवरच मोजतात, आणि त्या बेसिकला कोणी कमी लेखत नाही.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधींच्या कल्पनेवरून तिथे नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने ‘बेसिक’, म्हणजे बुनियादी शिक्षणाची योजना आखली, हरिपुराच्या काँग्रेस अधिवेशनाने ती स्वीकारली आणि आर्यनायकम दांपत्याने ती सेवाग्रामात चालवली. त्या योजनेचा सर्रास सांगितला जाणारा अर्थ असा: गरिबांच्या मुलांना टकळी द्या, एखादा धंदा शिकवा, पुढचे शिक्षण इतरांसाठी. मला हे वाचन साफ चुकीचे वाटते.

त्या वाचनाला आधार म्हणून गांधींचेच शब्द पुढे केले जातात. 1938 मध्ये त्यांनी लिहिले की ‘बेसिक’पेक्षा अचूक, पण कमी आकर्षक नाव ‘ग्रामोद्योगांद्वारा ग्रामीण राष्ट्रीय शिक्षण’ असे होईल. वाचणाऱ्यांनी ‘ग्रामीण’ उचलले आणि ‘द्वारा’ सोडून दिले. सारा बदल त्या ‘द्वारा’त आहे. उद्योगाचे शिक्षण वेगळे, उद्योगातून शिक्षण वेगळे. सुताची एक तार चार फुटांची, 160 तारांची लटी, 640 तारांची गुंडी. पेळू हातात असलेल्या मुलासमोर 2560 फुटांचा गुणाकार प्रत्यक्ष उभा राहतो. पेळूमागे सरकी, सरकीमागे पऱ्हाटी, पऱ्हाटीमागे आपली काळी माती, आणि त्या मातीतला कापूस मँचेस्टरला का गेला हा इतिहास. यालाच समवाय म्हणत. टकळी हा विषय नव्हताच, ती दार होती.

मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागवण्याच्या अपेक्षेत धोका होता हे मी नाकारत नाही. पण तो आधी ओळखला खुद्द समितीने. आर्थिक बाजूवर भर देऊन शिक्षणाचा बळी जाऊ शकतो, असा इशारा तिच्याच अहवालात आहे. अपेक्षित पातळीही खालची नव्हती: इंग्रजी वगळून मॅट्रिकइतके ज्ञान, आणि वर एक उद्योग. 1944 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधींनी या शिक्षणाचे क्षेत्र सात ते चौदा वयापुरते ठेवले नाही. जानेवारी 1945 च्या सेवाग्राम परिषदेपासून पूर्व-बुनियादी, उत्तर-बुनियादी, प्रौढ असे सारे आयुष्य त्यात आले. पाऊल हा मूळ अर्थ तिथे पुन्हा जिवंत झाला.

पुढचे चटकन सांगता येते. ‘बेसिक’ शाळा खेड्यात राहिल्या, शहाण्यांची मुले दुसरीकडे गेली. कोठारी आयोगाने 1966 मध्ये कार्यानुभव सुचवला, आणि आपल्या शाळांत तो आठवड्याचा एक तास होऊन बसला. ‘द्वारा’ गेले, ‘चे’ राहिले. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत 2005 पासून पुन्हा मुलांच्या हातांना मातीत आणि सुतात काम मिळते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

शेजारच्या त्या मुलाच्या घरची सेलूकडे पाच एकर पऱ्हाटी आहे. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काट्यापाशी तोच बसतो. कोणाचे साडेतेरा किलो, कोणाचे पावणेअठरा, किलोमागे दर, दिलेली उचल वजा. बायका मजुरी मोजून घेतात आणि त्याच्या आकड्यावर कोणी वाद घालत नाही. तो हिशेब तो जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितो. ती वही क्लासमध्ये आजवर कोणी पाहायला मागितलेली नाही.