विजय आणि वंश

शर्यतींतून निवृत्त झालेला जातिवंत घोडा पैदाशीस योग्य कीं नाहीं, हें ठरवितांना जाणते लोक त्याची वंशावळ, पायांची ठेवण आणि कोणत्या अंतरावर तो जिंकला हें सारें पारखतात. तरी पुष्कळदां ठोकताळा चुकतो. अमेरिकेंतील सेक्रेटेरिएटनें 1973 सालीं बेल्माँटची शर्यत 31 घोडे मावतील इतकें अंतर राखून जिंकली. त्याच्या मुलांपैकीं एकहि त्याच्या तोडीचा निघेना, तेव्हां 'हा फसला' असें लोक म्हणूं लागले. पुढें त्याच्याच मुलींच्या पोटीं ए. पी. इंडी व स्टॉर्म कॅट जन्मले आणि ते पैदाशींत अग्रगण्य ठरले! सलग 16 शर्यती जिंकणारा सिगार 1996 सालीं निवृत्त झाला, तो तर निर्बीजच निघाला. म्हणून त्याची एक तरी धांव कमी वेगाची ठरते काय?

पैदास करणाराचा हिशेब आम्ही खोटा म्हणत नाहीं. घोडी कोणाकडे न्यावी हें त्यास ठरविणें भागच आहे. पण फसला तो हिशेब, घोडा नव्हे. विद्वानाचा मुलगा नापास झाला कीं बापाच्याच विद्वत्तेविषयीं साशंक होण्याची खोड, खरें सांगावयाचें तर, आम्हां अध्यापकांसहि आहे.