अहवालानंतरचे काम

१९६६च्या जूनअखेरीस कोठारी शिक्षण आयोगाचा अहवाल केंद्र सरकारच्या हाती पडला. अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी, म्हणून अहवाल त्यांच्या नावाने ओळखला जातो. सतरा जणांची मते जुळवणे, राज्याराज्यांतून माहिती गोळा करणे, मसुदा उभा करणे हा भार सदस्य-सचिवावर होता. ते होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक.

शिक्षण आणि युवाधोरणात आयुष्य घालवू पाहणाऱ्या आजच्या मुलामुलींनी नाईकांचा अभ्यास करावा असे मला मनापासून वाटते. त्यांनी मोठा अहवाल घडवला हे त्याचे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे, त्या अहवालाचे पुढे काय झाले याचा हिशेब मांडायलाही तेच बसले.

दिल्लीपर्यंतची त्यांची वाट लांबची होती. १९३०च्या सत्याग्रहात तुरुंगवास झाला, सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरीत त्यांनी ग्रामकार्य केले. पुढे कोल्हापूरच्या नगरविकासात काम, गारगोटीला मौनी विद्यापीठाची उभारणी. १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था सुरू केली, ती पुढे पुण्यात आली. केंद्रात शिक्षण सल्लागार असताना ते महिना एक रुपया नाममात्र वेतन घेत. यातला त्याग मला महत्त्वाचा वाटतोच, पण त्याहून मोलाचा वाटतो अनुभवाचा क्रम. शाळेची भिंत कोण बांधते, गुरुजी गावात का टिकत नाहीत, पेरणीच्या दिवसांत पट का गळतो, हे आधी कळले. शिफारस लिहिणे नंतर आले.

आयोगाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च सुचवला होता, १९८५-८६ पर्यंत तिथे पोचायचे होते. परिसरातली सगळी मुले, श्रीमंत आणि गरीब, एकाच परिसरशाळेत शिकतील, हीही शिफारस होती. पैकी सहा टक्क्यांचे उद्दिष्ट २०२०च्या राष्ट्रीय धोरणात पुन्हा लिहावे लागले! परिसरशाळा तर कागदाबाहेर आलीच नाही. पालक ऐपतीप्रमाणे शाळा निवडत गेले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मागे उरली ती, ज्यांच्यासाठी बोलायला कुणी नव्हते त्यांची मुले.

नाईक यावर गप्प बसले नाहीत. १९७५च्या पुस्तकात त्यांनी समता, गुणवत्ता आणि विस्तार हे तिन्ही एकदम हाती का लागत नाहीत याची फोड केली. आयुष्याच्या अखेरीस आयोगानंतरच्या वाटचालीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले, तोवर १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले होते. आपणच उभ्या केलेल्या कामाची अशी तपासणी करणारा धोरणकर्ता आपल्याकडे विरळा.

त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यांचे नाव घेतल्याशिवाय हे पुरे होणार नाही. दिवसा गुरे राखणारी मुले आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेल्या मुली शाळेच्या घंटेला हजर राहू शकत नाहीत, हे ओळखून त्यांनी पुणे जिल्ह्यात अनौपचारिक शिक्षणाचे वर्ग उभे केले. मूल मोकळे असेल तेव्हा वर्ग भरायचा, गावातल्याच माणसाने शिकवायचे. पुढे नियोजन आयोगाच्या सदस्य म्हणून त्या दिल्लीत बसल्या, तेव्हा ही मुले त्यांच्या ओळखीची होती.

आज धोरणाच्या क्षेत्रात शिरण्याच्या वाटा वाढल्या आहेत. सार्वजनिक धोरणाची पदवी आहे, शासकीय फेलोशिप आहेत, सल्लागार संस्था आहेत. हुशार, तळमळीची मुले जिल्ह्यात येतात, वर्ष-दोन वर्षांत चांगला अहवाल करतात आणि पुढच्या नेमणुकीला निघून जातात. त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. थांबणाऱ्याला पगार नाही, पदोन्नती नाही, अशी ही रचनाच आहे. मग गावातले प्रश्न मसुद्यातून निसटतात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार महाराष्ट्रात पुढे आला तेव्हा वाडीवरची मुलगी रोज किती चालेल हा प्रश्न पालकांनी आणि शिक्षकांनी विचारला. तो मसुद्याच्या पहिल्या पानावर असायला हवा होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शैक्षणिक धोरणाच्या तरतुदीतच, पाच वर्षांनी त्याच गावांत परत जाण्याचा खर्च धरावा, आणि मसुदा लिहिणाऱ्यांपैकी निदान एकाला त्या पाहणीत बसवावे. तिचा अहवाल मराठीत निघावा आणि ग्रामसभेत वाचला जावा.