उधेवाडीतली चूल

लोणावळ्याहून राजमाचीला पायी जायचं, तर पंधरा-सोळा किलोमीटरची चाल आहे. तुंगार्ली मागे पडली की गाड्यांचे आवाज विरतात आणि वाट रानात शिरते. शेवटी उधेवाडी लागते. वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन गड, दोघांच्या मधल्या खिंडीत भैरोबाचं देऊळ. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी जणांना डोंगराची पहिली चटक इथेच लागलेली असते.

वाडीतल्या एखाद्या घरी जेवणाचं आधीच सांगून ठेवायचं. पोचलं की सॅक ओसरीवर टाकायची, बूट काढायचे, पाय लांब करायचे. आत चुलीवर पिठलं रटरटत असतं. बाई भाकरी थापते, तव्यावर टाकते, वरून पाण्याचा हात फिरवते. उलटून झाली की निखाऱ्यांपाशी उभी करते. भाकरी फुगते. तेवढ्यात एक हात मागे नेऊन ती चुलीकडे सरकणाऱ्या पोराला बाजूला करते. नजर भाकरीवरच असते.

ओसरीवर आमच्या गप्पा चाललेल्या असतात. कोणीतरी विचारतो, “काय रे, या वेळी घरून परवानगी मिळाली वाटतं?” सगळे हसतात. हा विनोद मला आताशा फारसा रुचत नाही. त्यात घरातलं माणूस एकदम साहेब होऊन बसतं, आणि आपण अर्ज घेऊन उभे. खरं तर प्रश्न परवानगीचा नसतोच. शनिवारी मुलीला क्लासला कोण सोडणार, आईच्या गोळ्या कोण देणार, पंप बंद पडला तर खाली कोण उतरणार, एवढाच असतो. त्याचं उत्तर कोणीतरी न बोलता होऊन बसतं, म्हणून आपण इथे पाय लांब करू शकतो. सुट्टी एकाची असते, रजा दुसऱ्याची खर्ची पडते.

आणखी एक गंमत आहे. आपण घर सोडून निघतो, आणि डोंगरावर पोचल्यावर पहिल्यांदा शोधतो ते घरच. उघड्यावर झोपायची हौस कितीही असो, भाकरी मात्र गरम लागते, आणि ती कोणीतरी वाढलेली लागते.

त्या बाईला डोंगर आणि संसार यांचा मेळ घालावा लागत नाही. तिचं सरपण डोंगरातलं, गुरं डोंगरात, पोर डोंगरातच वाढणारं. आपण जिच्या फुलांचे फोटो काढत फिरतो, त्या कारवीच्या काठ्या इकडच्या जुन्या घरांच्या कुडाला असतात, वरून शेणामातीने लिंपलेल्या. हे ऐकायला फार छान वाटतं. पण तिलाही कधी दोन दिवस खाली उतरून बहिणीकडे राहावंसं वाटत असेल. शनिवार-रविवारी तर नाहीच जमणार. शनिवार-रविवारी आपण आलेलो असतो.

आपल्या घर आणि डोंगर यांच्या ओढाताणीवर लोक सोपा उपाय सुचवतात, घरच्यांनाच बरोबर न्या. न्यावंच. मूल बरोबर असलं की वाट वेगळी दिसते. ते खेकड्यापाशी थांबतं, वारुळापाशी थांबतं, आणि गडाच्या माथ्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. एका बहराला कडेवर असलेलं पोर पुढच्या बहराला आपल्या पुढे चालत असतं, कधी कधी यायला नकोही म्हणतं. गड कुठे पळून जातात, असं म्हणून आपण मनाची समजूत घालतो, ते खरंच आहे. पोरं मात्र थांबत नाहीत, आणि आपले गुडघेही थांबत नाहीत. म्हणून ना घर पुढे ढकलता येतं, ना डोंगर.

पण सगळ्यांना डोंगर आवडेलच असं नाही. एखादीला शनिवारी सकाळी उशिरापर्यंत झोपायचं असतं, एखाद्याला नाटक बघायचं असतं. आपलं वेड दुसऱ्याच्या पाठीवर सॅकसारखं चढवणं म्हणजे प्रेम नव्हे. त्याच्या वेडालाही आपल्यासारखेच मोकळे दोन दिवस हवेत, इतकं साधं आहे हे.

तेव्हा पुढच्या वेळी उधेवाडीत जेवलात, तर आपलं ताट आपणच उचला आणि विसळून ठेवा. घरी परतलात की सॅक रिकामी करण्याआधी विचारा, “आता पुढचा शनिवार-रविवार तुझा. काय करायचंय?” आणि त्या दोन दिवसांचा स्वयंपाक तुम्ही करा.