ह्यातला जॉबर कोण?

२०२३ च्या दिवाळीत सोलापूरला घरी गेलो, तेव्हा ऑफिसचं काम लॅपटॉपमधून सोबत आलंच. सर्व्हरच्या लॉग फाइल्स कमी जागेत बसवायच्या होत्या. त्यासाठी तीन ओपन सोर्स लायब्ररींची तुलना करत होतो. झेडलिब १९९५ पासूनची, जवळपास सगळीकडे सापडणारी. एक्सझेड फाइल अगदी लहान करते, पण वेळ खाते. २०१६ साली फेसबुकनं खुली केलेली झेडस्टँडर्ड वेगवान. तक्त्यात तीन रकाने होते : वेग, आकार, लायसन्स.

आप्पांनी सगळं आयुष्य पॉवरलूमवर जॉबर म्हणून काढलं. माग अडला की हाक त्यांनाच. तक्ता बघून ते म्हणाले, "ह्यातला जॉबर कोण?"

"आप्पा, हे फुकट असतं."

"फुकट असलं म्हणून मोडत नाही व्हय?"

मी हसून विषय सोडून दिला.

२९ मार्च २०२४ ला हसू गेलं. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. कारण शोधत तो एक्सझेडपर्यंत पोचला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता.

एक्सझेडचा जॉबर होता फिनलंडचा लासे कॉलिन. वर्षानुवर्षं, जवळजवळ एकटा. २०२२ मध्ये काहीजण त्याच्या मागे लागले : नवी आवृत्ती कधी? कामं का अडलीत? त्यानं सांगितलं, हे बिनपगारी, छंदाचं काम आहे आणि माझं मानसिक आरोग्यही बरं नाही. त्याच सुमारास 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी मदत करत होतं. हळूहळू अधिकार त्या नावाकडे गेले आणि चोरदरवाजा तिथूनच आला.

मागे लागणारेही त्याच कटातले असावेत, असा संशय आहे. पण मग ते तेव्हाच कुणाला खटकले कसे नाहीत? कारण त्यांची भाषा आपलीच होती. मीसुद्धा एका छोट्या लायब्ररीच्या माणसाला लिहिलं होतं, "हा प्रोजेक्ट जिवंत आहे की मेला?" डेडलाइन माझी होती, पगार मला मिळत होता आणि ओरडा तो खात होता.

कुणी म्हणेल, त्यानं स्वखुशीनं दिलंय, मग आपण काय देणं लागतो? कायद्यानं काहीच नाही. बहुतेक लायसन्समध्ये स्पष्टच असतं : आहे तसं घ्या, हमी नाही. पण हा करार दोन्हीकडून वाचायला हवा. तो माझं काही लागत नसेल, तर त्याला जाब विचारायचा हक्क मला कुठून आला? मी पैसे दिले नव्हते, तरी गिऱ्हाइकाचा तोरा मात्र पुरेपूर होता.

मोठ्या कंपनीची लायब्ररी घेतली की प्रश्न सुटतो, असंही नाही. कंपनीचं लक्ष उद्या दुसरीकडे वळू शकतं. आणि प्रत्येक मदतनिसाकडे संशयानं बघायला लागलो, तर एकटा माणूस आणखी एकटा पडेल.

मी त्या माणसाला माफीचं पत्र लिहिलं आणि एक बग दुरुस्त करून सोबत पाठवला. त्यानं तो तपासायला तीन आठवडे घेतले. या वेळी मी एकदाही विचारलं नाही.

तक्त्यात आता चौथा रकाना आहे : सांभाळतं कोण, आणि किती जण. सगळ्यात जास्त वेळ तोच भरायला लागतो.