खापरीची गिरकी

टिटवाळ्याला महागणपतीचं दर्शन झालं की बहुतेकांना परतीच्या लोकलची घाई असते. काळू नदीकडे फार कोणी वळत नाही. पावसाळा सरून पाणी निवळलं की तिच्या काठी पोरं भाकऱ्या काढताना दिसतात. इथला दगड काळा, बसाल्टचा, पाण्याने घासून गोल झालेला. तो फेकला की डुबुक. म्हणून जाणकार पोरगा गोटे सोडून फुटक्या कौलाची खापरी शोधतो. अंगठा आणि मधल्या बोटात ती आडवी धरतो, तर्जनी कडेला टेकवतो आणि कमरेत वाकून मनगटाला झटका देतो. खापरी गरगरत पाण्याला टेकते, उडते, पुन्हा टेकते.

सगळी करामत त्या झटक्यात आहे. गिरकी नसेल तर पाण्याचा धक्का मागच्या कडेला बसतो, पुढची कड खाली जाते आणि खापरी बुडते. गिरकी असली की तिचा कल ढळत नाही, फिरता भोवरा उभा राहतो तसाच. २००४ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी यंत्राने चकत्या फेकून पाहिल्या, तेव्हा पाण्याशी सुमारे २० अंशांचा कल सर्वांत चांगला ठरला. पोरांचं मनगटही त्याच शोधात असतं.

आणि शाळेत आपण काय शिकतो? वस्तू बिंदू माना, हवेचा रोध सोडून द्या, मार्ग अन्वस्त येईल. गॅलिलिओला ही काटछाट करावीच लागली. तिच्याशिवाय पडणाऱ्या वस्तूंचा नियम हाती लागला नसता. माझी तक्रार एवढीच, की वगळलेलं परत आणायला आपण विसरतो. दोन्ही टोकांना निमुळती विटी टोला बसल्यावर हवेत कोलांट्या खाते. ती झेलायला उभा राहिलेला कोणीही तिला बिंदू म्हणणार नाही.

सुभाष गुप्ते यांचा लेगस्पिन घ्या. १९५८ साली कानपूरला त्यांनी वेस्ट इंडीजचे एका डावात १०२ धावांत ९ बळी घेतले. चेंडूला पुढच्या अंगाने गिरकी दिली की तो हवा वर लोटतो आणि स्वतः खाली दाबला जातो. जर्मन शास्त्रज्ञ माग्नुसने १८५२ साली फिरत्या वस्तूंवरचा हा आडवा जोर प्रयोगाने दाखवला. टप्पा अंदाजापेक्षा अलीकडे पडतो आणि पुढे सरसावलेला फलंदाज फसतो. मैदानावरची हवा काढून घेतली, तर टप्पा पडेपर्यंत त्या बोटांची कला दिसणारच नाही. जे आपण ‘नगण्य’ म्हणून खोडतो, त्यावरच लेगस्पिनरचं निम्मं आयुष्य उभं असतं.

काळूकाठचा पोरगा हे शब्द जाणत नाही. पण तो तीन खापऱ्या हातात घेऊन तोलतो. एक जाड, ती टाकतो. दुसरीचा कोपरा बाहेर आलेला, तो दगडावर घासून पाहतो आणि तीही टाकतो. तिसरी बोटांत नीट बसते. मग तो पाण्याकडे बघत वाकतो.